बाराची दहा बोटं

तर भागोजी मधलं बोट पाण्यात बुडवून जिभेकडे नेतोय, तिथेच काल आपण त्याला बांधावर उभा करून झोपायला गेलो. बिचारा रात्रभर तसाच उभा. आता ते बोट एकदाचं जिभेला लागू द्या.

लागलं. भागोजीने डोळे मिटले. खाली वाफ्यांच्या कडेने चाळीस माणसं उभी, बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या, आणि सगळ्यांची नजर त्याच्या गालांवर. तो गाल आत ओढायचा, मग जीभ टाळ्याला लावून टक् असा आवाज काढायचा. तो आवाज आला की माणसं कंबर कसायची, कारण पुढचा शब्द ठरलेला.

"सोडा."

बांधाचं तोंड फोडलं की मोठ्या वाफ्यातलं पाणी खालच्या लहान वाफ्यांत धावायचं आणि चार-सहा दिवसांत तिथे मीठ धरायचं. उरणच्या खाडीकाठचं ते मिठागर. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत उन्हात आटवायचं, आणि शेवटच्या मोठ्या वाफ्यात ते पिकलं की खाली सोडायचं. सगळी मेख त्या पिकण्यात. लवकर सोडलं तर पातळ पाणी तळाचा चिखल मऊ करतं आणि मीठ मातकट निघतं. उशीर झाला तर चांगलं मीठ वरच्याच वाफ्यात चिखलात बसतं आणि खाली जातं ते कडू पाणी. त्याचं मीठ पोत्यात भरलं तरी पाझरत राहतं, आणि आमटीत पडलं तर घरधनी ताट सरकवतो.

काही आगरांत अंडं सोडून बघायचे. भागोजी त्यांना हसायचा. "अंडं तरंगलं की तरंगलं," म्हणायचा, "पिकल्या पान्यात पन तरंगतं, नासल्या पान्यात पन. त्याला काय कलतंय?" कळायचं ते भागोजीच्या जिभेला. त्याचा बापही चाखणारा होता, पण लेकाची जीभ बापापेक्षा सरस. एकदा हा पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेला. पुजाऱ्याने हातावर तीर्थ घातलं, याने ते प्यायलं आणि भर गाभाऱ्यासमोर विचारलं, "भटजी, हीर बदलली काय?" आणि बदललीच होती. जुनी विहीर उपसायला काढली होती.

आगरात एक रीत होती. ज्याच्या शब्दाने पाणी सुटलं, त्याने पडलेल्या मिठाची पहिली ओंजळ घ्यायची आणि आपल्या घरच्या बरणीत घालायची. मग घरोघरच्या बाया देवाच्या नैवेद्यासाठी त्या बरणीतून चिमूट-चिमूट न्यायच्या. बावीस वर्षं ती बरणी भागोजीच्या रंगूची होती. लोक रंगूच्या दारात येतात, उंबऱ्याशी थांबतात, "रंगू, मीठ दे गं" म्हणतात, हे ऐकायला भागोजी मुद्दाम ओटीवर बसून राहायचा. हातात काम नसलं तर जुनंच जाळं पुन्हा उसवायचा.

असं सगळं सुखात चाललेलं, आणि सत्तावीस सालच्या दिवाळीनंतर म्हसळ्याचा इसहाक आगरात आला.

हा आगबोटीवर दहा वर्षं आगवाला होता. खाली बॉयलरच्या तोंडाशी कोळसा मारायचा. अंगाने सुकलेला, बोलायला गोड, बायको कुलसुमचं माहेर इथलं म्हणून इथे राहिलेला. पहिले आठ दिवस त्याने मुकाट्याने माती वाहिली. नवव्या दिवशी कमरेची एक बांबूची कांडी काढली. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब. तळाला जाळ्याचं शिसं घालून मेणाने तोंड बंद केलेलं, आणि अंगावर तापल्या तारेने बोटा-बोटाच्या खुणा डागलेल्या.

"बोटीवर बॉयलरच्या पाण्यात मीठ किती झालं ते बघायला सायबाकडे असली पितळेची होती," इसहाक म्हणाला. "आपली बांबूची."

त्याच्याजवळ जाड बांबूची दोन नळकांडीही होती, खालची गाठ शाबूत ठेवलेली. एकात रंगूच्या घागरीतलं लोटाभर गोडं पाणी मागून काठोकाठ भरलं. कांडी सोडली. ती डुचमळली, ताठ झाली आणि बाराव्या खुणेपर्यंत बुडून उभी राहिली. दुसऱ्या नळकांड्यात मोठ्या वाफ्यातलं पाणी भरलं, तीच कांडी त्यात सोडली. आता ती दहाव्या खुणेवरच थांबली.

"आता सांगतो," इसहाक म्हणाला. "कांडी तीच, वजन तेच. पण पाणी जड असलं की ते कांडीला खालून जास्त रेटतं, म्हणून ती कमी बुडते. गोड्यात बारा, खाऱ्यात दहा. बाराचा सहावा हिस्सा वर आली. म्हणजे लोटाभर गोड्या पाण्याचं वजन दहा असलं, तर लोटाभर या पाण्याचं बारा. हे पिकलं. याच्याहून वर आली तर समजायचं, कडू पाणी व्हायला लागलं."

भागोजी तोवर पाणी चाखून बसलाच होता. त्याच्याही जिभेने पिकलं म्हणूनच सांगितलं होतं. पण शब्द तोंडातून निघायच्या आधी आगराचे गुजराती कारभारी, शिवदास मेहता, वाकून कांडीकडे बघत म्हणाले, "जुओ जुओ, बघा, डोळ्याला दिसतं. सोडा रे."

बघा, पाणी तेच, वेळ तीच, शब्दही तोच. फक्त तोंड दुसरं. भागोजीला त्या दिवशी भाकर गोड लागेना.

मग ते दुखणं वाढतच गेलं. माणसाला दात दुखला की जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते, तसं भागोजीचं मन इसहाकपाशी. इसहाक सकाळी किती वाजता आला, कोणाशी बोलला, मेहतांनी त्याच्याकडे बघून किती वेळा मान हलवली, सगळं याच्याकडे मोजलेलं. बायांनी तर कांडीची म्हणच केली. कोणी वाळली की "काय गं, बाराची दहा बोटं झालीस," आणि खिदळायच्या. भागोजी आला की गप्प. ते गप्प होणं त्याला खिदळण्याहून झोंबायचं.

आणि रंगू. रोज सकाळी इसहाक लोटा पुढे करायचा, "वहिनी, तेवढं गोडं पाणी." रंगू घागर तिरपी करून वरून धार सोडायची. कोसभरावरच्या विहिरीचं पाणी, डोक्यावरून आणलेलं. एकदा ती पाणी घालताना हसली. भागोजीने ते धरून ठेवलं.

एक दिवस तर कहर झाला. रंगूने आंबील करून आणली होती आणि तिच्यात मीठ घालायलाच विसरली. मिठागरात, बरं का, चहूकडे मिठाच्या राशी, आणि आंबील अळणी. जो तो एक घोट घेऊन वाडगा खाली ठेवत होता. तुळशीराम म्हणून एक थट्टेखोर गडी होता, तो म्हणाला, "वयनी, आंबील सोवळ्यात केली काय? मिठाला शिवायचं न्हाय?" इसहाकने मात्र वाडगा रिकामा केला, दुसरा मागितला, तोही संपवला आणि तोंड पुसत म्हणाला, "खूब चवदार. वहिनी, तुमच्या हाताला बरकत हाय."

रंगू लाजली. भागोजीने तेही पाहिलं. अळणी आंबिलीला चवदार म्हणणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याच्या मनात काहीतरी असतं. इसहाक वेडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे झोपडीच्या सावलीत आडवे झालेले असताना, भागोजीने इसहाकची कांडी उचलली. तळाचं मेण उकललं, धोतराच्या सोग्यातून जाळ्याचं आणखी एक शिसं काढून आत ढकललं आणि मेण पुन्हा दाबलं. काम चोख झालं. आता कांडी जड. जास्त बुडणार. पिकलेलं पाणीही तिला कच्चं वाटणार, आणि इसहाक भर आगरात "अजून थांबा" म्हणणार. भागोजीला त्या रात्री बायकोची आमटीही गोड लागली.

सकाळी इसहाकने नेहमीसारखी कांडी आधी गोड्या पाण्यात सोडली. ती पंधराव्या खुणेपर्यंत गेली. इसहाकने ती कांडी उचलली, कानाशी हलवली, आणि तशीच खाऱ्यात सोडली. तिथे ती साडेबारावर थांबली.

"पिकलं," इसहाक म्हणाला. "सोडायला हरकत न्हाय."

भागोजीच्या तोंडून निघालं, "साडेबारावर? परवा तर दहा बोलत हुतास."

"परवा गोड्यात बारा होती, दादा. आज पंधरा. बाराचा सहावा हिस्सा दोन, पंधराचा अडीच. बांबू हाय, पाणी पितो, सुकतो, रोज त्याचं वजन वेगळं. म्हणून तर आधी गोड्यात बघायचं. कांडीचा अंक खरा न्हाय, दोघांतला फरक खरा."

पाणी सोडलं. पाचव्या दिवशी मीठ पडलं, पांढरंशुभ्र. भागोजीने शिसं घातलं आणि त्या शिशाने इसहाकचीच अक्कल वजनदार ठरली. पहिल्या ओंजळीला आता दोघांचे हात पुढे झाले, तेव्हा मेहता वैतागले. म्हणाले, "आ बे जण, दोन-दोन माणसं नको मला. मीठ एकाच्या शब्दाने पडतं. पावसाआधीचा शेवटचा मोठा वाफा येईल वैशाखात. दोघांनी आपापला शब्द द्या. ज्याचा खरा ठरेल, तोच पुढच्या साली बोलेल. दुसऱ्याने माती वाहायची."

बावीस वर्षांची जीभ, आणि माती वाहायची. भागोजी घरी आला तो थेट घागरीपाशी.

"उद्यापासून त्याला पानी घालायचं न्हाय."

"कुनाला?" रंगूला ठाऊक होतं कोणाला.

"त्या आगबोटवाल्याला."

"अवो, लोटाभर पानी."

"आपल्या घागरीचं न्हाय. बोलला ना, बरकत हाय हाताला. त्याच्या बायकूच्या हाताला पन असंल."

दुसऱ्या सकाळी इसहाकने लोटा पुढे केला तर रंगू जमिनीकडे बघत राहिली. इसहाक समजला. त्याने पुन्हा कधी मागितलं नाही. नळकांड्यात आदल्या दिवशीचं पाणी होतं, तेच त्याने ठेवलं; मोजण्यापुरतं पाणी, रोज बदलायचं कशाला, असं त्याला वाटलं.

आता इथे नीट ध्यान द्या, कारण भागोजीनेही दिलं नव्हतं. इसहाक रोज दोनदा कांडी गोड्यातून खाऱ्यात आणि खाऱ्यातून पुन्हा गोड्यात घालायचा. पुसायचा, पण बांबूच्या रेषांत खारं पाणी राहायचंच. वर चैत्राचं ऊन. पाणी आटायचं, मीठ साठायचं. कांडी गोड्यात थोडी-थोडी वर यायला लागली. पंधराची पावणेपंधरा, मग सव्वाचौदा. इसहाक म्हणाला, उन्हाने बांबू सुकला, हलका झाला.

वैशाख आला. शेवटच्या वाफ्याची सकाळ उजाडली. झाडून सगळी माणसं जमली. खालचे वाफे पायांनी तुडवून गुळगुळीत केलेले, बायांच्या टाचा भेगाळून गेलेल्या. भागोजीने बोट बुडवलं, गाल ओढले, टक् केलं.

"सोडा."

मेहतांनी इसहाककडे पाहिलं. गोड्यात सव्वाचौदा, खाऱ्यात साडेबारा. इसहाकने बोटांवर हिशेब केला. "सहावा हिस्सा होत न्हाय. अजून दोन दिवस तरी."

"तर मग दोन दिवस," मेहता म्हणाले. "डोळ्याला दिसतंय."

कोणीही फावडं उचललं नाही. बावीस वर्षांत भागोजी 'सोडा' म्हणाला आणि बांध तसाच राहिला, हे पहिल्यांदा. माणसं पांगली. कोणी त्याच्याकडे बघेना, आणि ते जास्त वाईट होतं.

भागोजी झोपडीत जाऊन बसला. समोर ती दोन नळकांडी. असं काय असतं रे तुमच्यात, असं मनात म्हणत त्याने गोड्या पाण्याच्या नळकांड्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारं. चांगलं खाडीहून खारं.

आधी त्याला वाटलं, चुकीच्या नळकांड्यात बोट गेलं. पुन्हा चाखलं. मग सगळं लखलखीत कळलं. गोडं पाणीच जड झालेलं, तर फरक कमीच दिसणार. दोन दिवसांनी कांडी 'पिकलं' म्हणेल, तेव्हा वरचं पाणी कडू झालेलं असेल. आपण फक्त गप्प बसायचं. दोन दिवस. चाळीस माणसांसमोर कडू मीठ निघेल आणि इसहाक जन्मभर माती वाहील.

भागोजीला एवढा आनंद झाला की तो उठून उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उठला. कडू मीठ या आगरातून कधी गेलं नव्हतं, त्याच्या बापाच्या वेळीही नाही. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला मिठाची नाही, इसहाकचं तोंड उतरलेलं बघायची घाई झाली होती. दोन दिवस धीर कोणाला निघतो? तो नळकांडं उचलून इसहाकपाशी गेला.

"हे चाख."

इसहाकने बोट बुडवलं, जिभेला लावलं. "गोडं पाणी. वहिनींच्या घागरीचं."

भागोजी त्याच्याकडे बघत राहिला. थट्टा दिसेना. आणि एकाएकी त्याला तो अळणी आंबिलीचा वाडगा आठवला. दुसरा वाडगा आठवला.

"इसाक," तो हळूच म्हणाला, "तुला चवच कलत न्हाय."

इसहाकने आजूबाजूला पाहिलं. "बसऱ्याच्या बंदरात असताना ताप आला, दादा. बावीस दिवस. ताप गेला, जाताना जबान घेऊन गेला. कुलसुमला तेवढं ठाऊक हाय. गोड, तिखट, खारट, सगळं चिखलावानी लागतं." त्याने नळकांडं हातात घेतलं, फिरवलं. "तुम्ही बोट जिभेला लावता ना, डोळे मिटता, तवा मी तिकडे बघत न्हाय. बघवत न्हाय मला. जळतो मी. म्हणून तर ही कांडी केली."

आपण ज्याच्यावर सहा महिने जळलो, तो आपल्यावर जळत होता.

"आन ते शिसं..." भागोजी म्हणाला.

"ते कोणाचं ते त्याच दिवशी समजलं. सगळ्या आगरात जाळी विणणारे तुम्हीच. राहू दे आत. शिसं चांगलं हाय, कांडी ताठ उभी राहते."

भागोजी वळला आणि बांधावरूनच ओरडला, "रंगू, घागर आन. भरलेली."

रंगू आली. नळकांडं खळबळून धुतलं, कांडी धुतली, ताजं पाणी काठोकाठ भरलं. मेहता आले, माणसं पुन्हा गोळा झाली. कांडी गोड्यात सोडली. पंधरा. खाऱ्यात सोडली. साडेबारा.

"आजच पिकलं," इसहाक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझं गोडं पाणी खारट झालं होतं. भागोजीदादांच्या जिभेने धरलं. माझ्याने जन्मात धरवलं नसतं."

मेहता म्हणाले, "तो पछी, मग शब्द कोणाचा?"

सगळे भागोजीकडे बघत होते. आता त्याने फक्त बोलायचं होतं. त्याने इसहाककडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. "पुढल्या साली तो कांडी सोडंल," तो म्हणाला. "पन आदी गोडं पानी मी चाखनार. मी बोललो गोडं, तर गोडं. आन शब्द दोगांनी मिलून."

मग त्या दोघांनी एकदमच 'सोडा' म्हटलं, मागेपुढे झालं, तुळशीराम हसला. पाणी सुटलं. मीठ पांढरं पडलं. पहिली ओंजळ मात्र भागोजीने इसहाकचा हात पुढे यायच्या आत स्वतःच उचलली, हेही सांगायला हवं. अर्धी रंगूच्या बरणीत गेली. अर्धी त्याने पळसाच्या पानात बांधून कुलसुमकडे धाडली, आणि घरी येऊन ती पुडी मोठी झाली की काय म्हणून बरणी दोनदा हलवून पाहिली.

पुढे सात वर्षं ते दोघे त्या आगरात होते. पस्तीस सालापर्यंत तरी. रोज सकाळी रंगूची घागर, भागोजीचं बोट, इसहाकची कांडी. इसहाकची तारीफ झाली की भागोजी अजूनही पाठ फिरवून बांधाची माती थोपटायला लागायचा, बांध कितीही पक्का असला तरी. एकदा अशीच कोणीतरी कांडीची तारीफ केली, आणि घरी परतताना बांधावरून पुढे चाललेल्या रंगूने मागे न बघताच विचारलं, "अवो, अजून जलतंय काय त्याच्यावर?"

भागोजी चार पावलं चालला, आणि म्हणाला, "जलतंय तर. पन बाराची दहा बोटं झाली."